डांबरी रस्त्याचे आयुष्य आणि निगा

रस्ता हा काही वार्षिकांकात लिहिण्याचा विषय नव्हे, असे माझ्या एका मित्राने मला ऐकवले. "पावसावर लिही, गेलाबाजार सहलीचे वर्णन लिही, पण डांबर!" त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. तथापि पावसावर लिहायला बसलो तरी आमच्या गावचा माणूस शेवटी रस्त्यापाशीच येऊन अडतो. तेव्हा सरळ रस्त्यावरच लिहावे असे ठरविले.

आमचे गाव हमरस्त्यापासून तीन किलोमीटर आत आहे. मी पाचवीत होतो त्या वर्षी गावापर्यंत डांबरी रस्ता झाला आणि पहिली एस.टी. थेट मारुतीच्या देवळापुढे येऊन उभी राहिली. बायकांनी गाडीला हळदकुंकू वाहिले, सरपंचांनी नारळ फोडला, चालक-वाहकांना जेवू घातले. मी बारावीत गेलो त्या पावसाळ्यात हीच एस.टी. फाट्यावरून परत फिरू लागली. मधल्या सात वर्षांत रस्त्याची चाळण झाली होती. गाडी बंद झाली त्या साली गावातील तीन मुलींचे नाव अकरावीला घातलेच गेले नाही. पहाटेच्या अंधारात तीन किलोमीटर चिखल तुडवीत मुलींना फाट्यावर पाठवायचे कसे, हा आईबापांचा प्रश्न होता आणि त्याला कोणाजवळ उत्तर नव्हते.

गावाचे निदान एकच होते : "ठेकेदाराने रस्ता खाल्ला." ते कितपत खरे हे मला तेव्हा कळत नव्हते. गेल्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर आमच्याच गावी भरले. भूगोलाच्या सरांनी आम्हां सहा जणांच्या हाती टेप, वही आणि दोरी देऊन रस्ता पायी मोजायला लावला. खड्डा कुठे आहे, भेग कुठे आहे, पाणी कुठे साचते, याची नोंद करायची, एवढेच काम. त्या चार दिवसांत आणि पुढे ग्रंथालयात जे समजले ते येथे मांडीत आहे. मी कला शाखेचा विद्यार्थी, अभियांत्रिकीचा नव्हे. जाणकारांनी चूकभूल सांभाळून घ्यावी.

डांबर म्हणजे काय?

शब्दापासूनच सुरुवात करू. आज रस्त्यावर आपण ज्याला डांबर म्हणतो ते मुळातले डांबर नव्हेच. दगडी कोळसा बंद भट्टीत तापविला की कोक आणि वायू यांच्याबरोबर एक काळा, चिकट द्रव मिळतो. तो अस्सल डांबर. कपड्यांत ठेवायच्या पांढऱ्या गोळ्यांना आपण डांबराच्या गोळ्या म्हणतो, याचे कारण त्यांतील नॅफ्थलीन ह्याच कोळशाच्या डांबरातून काढीत. इंग्लंडात एडगर हूली याने १९०२ साली टारमॅकचे पेटंट घेतले, तेही असेच डांबर खडीत मिसळून. पुढे खनिज तेलाचे युग आले. तेल शुद्ध करताना पेट्रोल, रॉकेल, डिझेल निघून गेल्यावर तळाशी जो जड काळा गाळ राहतो, त्याचे नाव बिटुमेन. आजचे रस्ते ह्या बिटुमेनचे आहेत. वस्तू बदलली, मराठीत नाव मात्र जुनेच राहिले.

ह्या पदार्थाचे दोन गुण महत्त्वाचे. तापविला की तो पातळ होतो व निवला की घट्ट होतो. आणि तो आपल्यातून पाणी जाऊ देत नाही. पण रस्ता डांबराचा असतो ही आपली समजूत चुकीची आहे. शंभर किलो डांबरी मिश्रणात डांबर असते साधारण पाच किलो. बाकी सारी खडी आणि दगडाची भुकटी. डांबर हा नुसता गोंद आहे. ओझे वाहतो तो दगड.

आणि दगडाखालीही काही आहे. तळाशी दाबून घट्ट केलेली माती, तिच्यावर मुरूम, त्यावर खडीकरणाचे थर आणि सर्वांत वर डांबरी थर, अशी ही उतरंड असते. खेड्यांकडच्या रस्त्यांवर हा वरचा थर पुष्कळदा अवघा दोन सेंटिमीटर जाडीचा असतो. मालमोटारीचे ओझे दोन सेंटिमीटरांनी पेलावे ही अपेक्षाच व्यर्थ. त्याचे मुख्य काम घराच्या छपराचे आहे : चाकांची झीज सोसणे आणि खालच्या थरांना पाणी लागू न देणे. मॅकॅडम (१७५६–१८३६) या स्कॉटिश रस्तेबांधणीकाराने हे डांबरापूर्वीच ओळखले होते. रस्त्याचे ओझे अखेर खालची जमीन वाहते आणि ती कोरडी राहिली तरच वाहते, हे त्याच्या पद्धतीचे सार होते. म्हणून तो रस्ता भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच ठेवी आणि पाणी बाजूला काढून देई.

रस्त्याने किती वर्षे टिकावे?

आपल्या देशात रस्त्यांचा पद्धतशीर विचार सुरू झाला तो १९२७ साली नेमलेल्या समितीपासून. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे तिचे अध्यक्ष होते, ही मराठी वाचकाला अभिमानाची गोष्ट. त्या समितीच्या शिफारशींतून पुढे रस्त्यांसाठी वेगळा निधी उभा राहिला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था स्थापन झाली. रस्ता कसा बांधावा व कसा राखावा याची जी मानके आज वापरली जातात ती ह्याच संस्थेची.

ह्या मानकांप्रमाणे राष्ट्रीय महामार्गासारखा डांबरी रस्ता वीस वर्षांच्या रहदारीचा हिशोब धरून आखतात; कमी वर्दळीच्या ग्रामीण रस्त्यासाठी हा काळ दहा वर्षांचा. मात्र याचा अर्थ वीस किंवा दहा वर्षे रस्त्याकडे पाहू नये असा नाही. हे आयुष्य सबंध उतरंडीचे असते. वरचा पातळ थर मध्यंतरी, साधारणपणे पाच-सहा वर्षांनी, नव्याने द्यावा लागतो आणि किरकोळ निगा तर दरसालची असते. आमचा रस्ता सातव्या वर्षी गेला, म्हणजे तो अकालीच गेला. पण सात वर्षांत त्याच्यावर एकदाही नवा थर पडला नव्हता, हेही तितकेच खरे.

प्रधानमंत्री ग्राम सडक योजना २००० साली सुरू झाली. रस्ता बांधणाऱ्या ठेकेदारानेच पुढची पाच वर्षे त्याची देखभाल करावी, ही त्या योजनेतील अट चांगली आहे. अवघड प्रश्न असतो तो सहाव्या वर्षाचा. बाप गेलेल्या पोरासारखी रस्त्याची अवस्था होते ती तेव्हापासून.

रस्ता मरतो कसा?

रस्त्याचे शत्रू तीन : ऊन, ओझे आणि पाणी.

उन्हाळ्यात काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग साठ अंशांवर जातो. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन डांबर वर्षावर्षाने कडक होत जाते. नवा रस्ता काळाभोर दिसतो आणि जुना करडा, तो निव्वळ धुळीमुळे नव्हे. कडक डांबर लवचिक राहत नाही, त्याला केसासारख्या भेगा पडतात. हे म्हातारपण टाळता येत नाही, लांबविता येते.

ओझ्याची गोष्ट अधिक विलक्षण आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर रात्रंदिवस ट्रक फिरवून एक मोठी चाचणी घेतली गेली. तीतून असे दिसले की रस्त्याचे नुकसान आसावरील भाराच्या प्रमाणात वाढत नाही, तर साधारणपणे त्याच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. भार दुप्पट झाला तर नुकसान सोळापट. आपल्याकडे २०१८ साली ट्रकच्या चार चाकी एका आसावरील कायदेशीर भार १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेण्यात आला. ही वाढ दिसायला पावणेतेरा टक्क्यांची. पण वरच्या नियमाने हिशोब केला तर नुकसान जवळजवळ १.६ पट होते. सायकली, मोटारसायकली आणि बैलगाड्या शंभर वर्षे गेल्या तरी जे होणार नाही ते उसाने किंवा वाळूने ओसंडून भरलेल्या मोजक्या गाड्या एका हंगामात करतात.

तिसरा शत्रू पाणी. आणि पहिल्या दोघांना हाताशी धरून रस्त्याचा प्राण घेतो तो हाच. भेगेतून पाणी आत उतरते. चाक वरून गेले की ते दाबले जाते, चाक पुढे गेले की वर ओढले जाते आणि प्रत्येक वेळी खालची बारीक माती आपल्याबरोबर बाहेर आणते. पावसाळ्यात भेगेच्या तोंडाशी मातकट ओघळ दिसतो तो ह्याच मातीचा. शिवाय दगडाला डांबरापेक्षा पाणी अधिक प्रिय असते. पाणी फार वेळ मुरले की ते दगड आणि डांबर यांच्या मध्ये शिरून डांबराचा लेप सोलून काढते. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाला डांबर पुष्कळच चांगले धरते, हे आपले भाग्य. पण महिना-महिना पाण्यात बुडून राहिल्यावर तोही किती धरणार? खडी सुटी होते, भेगांचे जाळे मगरीच्या पाठीसारखे दिसू लागते, एके दिवशी त्यातला तुकडा निघतो आणि खड्डा जन्माला येतो. खड्ड्यात पाणी साचते आणि ते पाणी शेजारचा खड्डा करते.

आमच्या पाहणीत हेच दिसले. पहिला किलोमीटर माळावरून जातो. तोच ठेकेदार, तीच खडी, तेच डांबर. पण तेथे रस्ता आजही बऱ्यापैकी शाबूत आहे. खड्ड्यांचे थवे चारच ठिकाणी होते आणि चारही ठिकाणी पाणी तुंबत होते. एके ठिकाणी मोरीच्या नळ्या गाळाने भरलेल्या. दुसऱ्या ठिकाणी कुणीतरी पाइपलाइन नेण्यासाठी रस्ता आडवा खणून नुसत्या मातीने बुजविलेला. तिसऱ्या ठिकाणी साइडपट्टीवर गवत आणि माती साचून ती रस्त्यापेक्षा उंच झालेली, त्यामुळे पाण्याला उतरायला वाटच नाही. चौथ्या ठिकाणाबद्दल शेवटी लिहितो.

निगा कशी राखावी?

निगेचा पहिला नियम डांबराचा नाही, फावड्याचा आहे. डांबरी रस्त्याचा मध्य कडांपेक्षा थोडा उंच असावा लागतो. मीटरला दोन ते अडीच सेंटिमीटर उतार. पावणेचार मीटर रुंदीच्या ग्रामीण रस्त्यावर मध्य कडेपेक्षा पावणेचार ते पावणेपाच सेंटिमीटर उंच असला म्हणजे पाणी आपोआप बाजूला जाते. मात्र पुढे साइडपट्टीने ते अडवू नये, चराने ते वाहून न्यावे आणि मोरीने पलीकडे सोडावे. ह्या साखळीतील एक कडी तुटली तरी बाकीच्या निरुपयोगी.

पूर्वी बांधकाम खात्यात मैलकुली नावाचा कामगार असे. ठराविक लांबीचा रस्ता त्याच्या ताब्यात. चर काढणे, मोऱ्या मोकळ्या करणे, साइडपट्टीवर मुरूम टाकून ती सारखी करणे, बारीक खड्डा दिसताच भरणे, हे त्याचे नित्याचे काम. आमच्या शेजारच्या गावी असे एक निवृत्त मैलकुली आहेत. ते म्हणाले, "पोरांनो, आम्ही रस्ता दुरुस्त करीत नव्हतो, त्याला आजारीच पडू देत नव्हतो." अभियांत्रिकीच्या पुस्तकातील प्रतिबंधक देखभालीचे प्रकरण ह्याहून फारसे वेगळे सांगत नाही. आता ही माणसे रस्त्यावर क्वचितच दिसतात.

दुसरा नियम भेगांचा. पाऊस सुरू होण्यापूर्वी भेगा साफ करून त्यांत डांबर किंवा डांबराचे इमल्शन भरावे. इमल्शन म्हणजे पाण्यात बारीक कणांच्या रूपाने मिसळलेले डांबर. ते फारसे तापवावे लागत नाही. पृष्ठभाग सर्वत्र रुक्ष होऊन बारीक भेगा पडू लागल्या असतील तर वर सीलकोट द्यावा, म्हणजे पाणीही अडते आणि डांबराचे म्हातारपणही लांबते.

तिसरा नियम खड्ड्याचा. आपल्याकडे खड्डा भरतात कसा, हे सर्वांनी पाहिले आहे. घमेलेभर खडी आणि थोडे डांबर ओतायचे, फावड्याच्या पाठीने थोपटायचे की झाले. पहिल्या पावसात ती खडी दुचाकीस्वाराच्या चाकाखाली येते. योग्य रीत अशी : खड्ड्याभोवतीचा पोकळ भाग धरून चौकोनी आकार आखावा, कडा सरळ उभ्या कापाव्यात, सुटी खडी, धूळ व पाणी काढून टाकावे. मग तळाला व कडांना इमल्शनचा पातळ हात द्यावा, म्हणजे नवे जुन्याला धरते. मिश्रण थराथराने भरून प्रत्येक थराची चांगली दबाई करावी आणि वरचा थर भोवतालच्या रस्त्याहून किंचित उंच ठेवावा, कारण रहदारीने तो आणखी दबतो. भर पावसात गरम मिश्रण टिकत नाही. अशा वेळी इमल्शनचे थंड मिश्रण वापरून तात्पुरता इलाज करावा आणि पावसाळ्यानंतर तो नीट करावा.

चौथा नियम मूळ कामाचा. गरम मिश्रण भट्टीवरून साधारण दीडशे ते एकशे पासष्ट अंशांना निघते आणि ते पुरते निवण्यापूर्वी रोलर फिरून दबाई व्हावी लागते. मिश्रण थंड झाल्यावर रोलर कितीही फिरविला तरी पोकळ्या राहतात, आणि पोकळी म्हणजे पाण्याला आमंत्रण. ट्रक उशिरा आला, रोलर बंद पडला, धुळीवरच थर अंथरला, तर खडी आणि डांबर उत्तम असूनही रस्ता जातो. ठेकेदाराचा दोष असतो तो पुष्कळदा येथे, आणि तो गावाला त्याच दिवशी पाहता येतो; सात वर्षांनी नव्हे.

मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी टाकाऊ प्लॅस्टिक रस्त्यात वापरण्याची रीत शोधली. तापलेल्या खडीवर प्लॅस्टिकचा चुरा टाकला की तिच्यावर पातळ लेप चढतो आणि मग तिच्यावरचे डांबर पाण्याने सहज सुटत नाही. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. येथेही लढाई आहे ती पाण्याशीच.

हिशोब

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला रस्त्याच्या शास्त्रातील एक आलेख फार आवडेल. रस्त्याचे आयुष्य आडवे आणि त्याची अवस्था उभी मांडली तर रेषा सरळ उतरत नाही. आयुष्याच्या पहिल्या पाऊण भागात रस्त्याची प्रत सुमारे चाळीस टक्क्यांनी घसरते. पुढची चाळीस टक्के घसरण मात्र आयुष्याच्या जेमतेम आठव्या हिश्श्यात होते. ह्या कड्याच्या अलीकडे जेथे एक रुपया लागतो तेथे पलीकडे सहा-आठ रुपये मोजावे लागतात. हे आकडे प्रत्येक रस्त्याला जसेच्या तसे लागू पडतील असे नाही. रहदारी आणि पाऊस यांप्रमाणे ते बदलतात. पण रेषेचा आकार सर्वत्र हाच.

याचा निष्कर्ष चमत्कारिक वाटेल. रस्ता दुरुस्त करण्याची खरी वेळ तो चांगला दिसत असतो तीच. आणि नेमकी हीच गोष्ट आपल्या गळी उतरत नाही. चांगल्या रस्त्यावर पैसा घालणे ही उधळपट्टी वाटते, मोर्चा निघतो तो खड्डे पडल्यावर. नव्या रस्त्याचा नारळ फुटतो, देखभालीचा फुटत नाही. आजार वाढेपर्यंत थांबायचे आणि मग शस्त्रक्रिया करायची, अशी ही रीत आहे.

याला सुखद अपवाद शोधायचा तर पुण्याला जावे. तेथील जंगली महाराज रस्ता १९७६ साली बांधून झाला. मुंबईच्या रेकॉन्डो या कंपनीने तो गरम मिश्रणाच्या पद्धतीने केला आणि दहा वर्षांची हमी दिली. हमीची दहा वर्षे संपली, पुढे आणखी दशके गेली, पुण्याची रहदारी कित्येक पटींनी वाढली, तरी हा रस्ता खड्ड्यांवाचून टिकल्याबद्दल प्रसिद्ध झाला. त्यात काही जादू नव्हती. नीट केलेले काम आणि त्या कामाची जबाबदारी आपल्या शिरावर घेणारा कोणीतरी, ह्या दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या. डांबर काही वेगळ्या देशातून आणलेले नव्हते.

चौथे ठिकाण

आता राहिलेल्या चौथ्या ठिकाणाबद्दल. ते आमच्याच शेताजवळ आहे. रस्ता झाला तेव्हा कडेने चर काढलेला होता. ट्रॅक्टर शेतात नेता यावा म्हणून आमच्या घरच्यांनी तो दहा-बारा फूट माती टाकून बुजविला. वरचे सारे पाणी तेथे अडून रस्त्यावर चढू लागले. एस.टी. प्रथम रुतली ती ह्याच वळणावर. वहीत नोंद करताना माझे पाचही सोबती गप्प होते, आणि मीही.

रात्री मी अण्णांना ते सांगितले. ते म्हणाले, "अरे, मग ट्रॅक्टर आत न्यायचा कसा?" प्रश्न वाजवीच होता. उत्तरही फार महाग नव्हते. शिबिराच्या शेवटच्या दोन दिवसांत आम्ही ती माती उपसली, अण्णांनी सिमेंटचे दोन पाइप आणले, ते चरात बसवून वर मुरूम टाकला. ट्रॅक्टर वरून जातो, पाणी खालून. मोरीतला गाळही आम्हीच काढला आणि साइडपट्टी छिलून खाली केली. यंदाच्या पावसाळ्यात त्या वळणावर पाणी साचले नाही. जुने खड्डे अर्थातच तसेच आहेत. ते भरायला डांबर, रोलर आणि खात्याचे आदेश लागतात. ग्रामपंचायतीने आमच्या वहीतील नोंदी जोडून अर्ज दिला आहे. एस.टी. अद्याप फाट्यावरूनच फिरते.

ठेकेदाराने रस्ता खाल्ला की नाही हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण त्यातले दहा-बारा फूट आम्ही खाल्ले होते, एवढे वहीत लिहिलेले आहे.